फळ्यावरचा पूल

९ जानेवारी

चि. चिमणीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग मुद्द्याचं. ताईचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरते, की अजून 'मला काय धाड भरलीय' म्हणत तोऱ्यात चढते? जावईबापूंचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, काढा पिऊन तोंड वाकडं करायचं ते सिगरेट सोडून करा. तुझ्या लेकीचे पुढचे दोन दात पडले होते, ते आले का? आणि तुझं पित्त? कचेरीतला चहा मोजून पीत जा. इकडे तुझी मामी ठणठणीत आहे, म्हणजे मला बोलताना तिला दम लागत नाही. माझे कान मात्र निम्मे संपावर गेलेत. फोनवर मी 'हो, हो' म्हणतो ते कशाला, हे माझं मलाच ठाऊक नसतं. म्हणून हा कागद.

परवाच्या पेपरात तुमच्या बांधकाम खात्याचं निवेदन वाचलं. 'कालव्यावरील पादचारी पुलाची तज्ज्ञांकडून पाहणी करण्यात आली असून तो वापरण्यास सुरक्षित आहे. नागरिकांनी निश्चिंत असावे.' मामी लगेच म्हणाली, हे आपल्या चिमणीचंच. खात्यातले बाकीचे 'नोंद घ्यावी' म्हणतात, 'निश्चिंत' म्हणायला घरचं माणूस लागतं. आपल्या पोरीने प्रसिद्धी विभागात बसून लिहिलेलं साऱ्या मुलखात छापून येतं, ह्याचं मला अजून अप्रूप आहे.

महिन्यापूर्वी पुलाच्या पोटातून परातीएवढा सिमेंटचा पोपडा पडला, तेव्हापासून दोन्ही तोंडांना दोर बांधला होता. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी सगळं पलीकडे. वळसा घालून जायचं तर पाऊण तास. रोज माणसं माझ्या बाइंडिंगच्या दुकानापुढे थांबायची, 'मामा, फळ्यावर काय?'

फळा तुला ठाऊकच आहे. वीस वर्षं झाली, रोज सकाळी बातम्या लिहितो, तीन रकान्यांत: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज. ही अक्कल माझी नव्हे. बांधायला आलेल्या एका पुस्तकातली आहे. त्याचा पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची सोळा पानं, गहाळ होता, त्यामुळे लिहिणारा कोण तेही मला ठाऊक नाही. माझं सगळं शिक्षणच असं, पानं मागेपुढे लागलेलं. पण त्यात लिहिलं होतं की माणसाला जे कळतं ते ह्या तीनच वाटांनी, आणि जग खोट्याने बिघडतं त्याहून जास्त ह्या वाटांची सरमिसळ केल्याने बिघडतं. ते मला पटलं. तेव्हापासून पेपरातलं सगळं, मग ते कितीही मोठ्या माणसाचं असो, मी 'ऐकलेलं'मध्ये लिहितो.

तुझं निवेदन मात्र मी 'पाहिलेलं'मध्ये लिहिलं. म्हटलं, चिमणीने पाहिलं म्हणजे मीच पाहिलं.

तासाभरात कुणीतरी फळ्याचा फोटो काढला. तो फोनाफोनी फिरला आणि संध्याकाळी दोर सुटला. दूधवाला म्हणाला, "पेपरात आलं तेव्हा नाही गेलो मामा, तुमच्या फळ्यावर आलं तेव्हा गेलो." मी असा फुगलो की मामी म्हणाली, टाचणी आणू का?

एकटा आपला गवंडी तेवढा खोडा घालतोय. तू लहानपणी त्याला चुनाकाका म्हणायचीस. तो विचारतो, पाहणीला माणूस आला तरी कधी? दिवसभर मी कालव्याकाठी असतो. त्याचं तोंड बंद करायला दोन ओळी कळव, कोण आलं आणि काय पाहिलं.

तुझा मामा


१४ जानेवारी

ती. मामांस नमस्कार.

आईचा गुडघा तसाच आहे आणि तोराही तसाच. ह्यांचा खोकला बरा आहे. लेकीचा एक दात आलाय, दुसरा वाट बघायला लावतोय. माझं पित्त विचारू नका.

पाहणीचं म्हणाल तर खात्यात तशी नोंद आहे. तज्ज्ञ कधी आले, कुठून आले हे आमच्या विभागाकडे येत नाही, आमच्याकडे फक्त मजकूर येतो. चुनाकाकांना सांगा, सरकारी कामं काठावरून दिसतात तशी नसतात.

एक विनंती आहे. ते निवेदन 'पाहिलेलं'मधून काढून 'ऐकलेलं'मध्ये लिहाल का? तसं विशेष काही नाही. तुमचाच नियम आहे ना, पेपरातलं 'ऐकलेलं'मध्ये. माझ्यासाठी तो मोडू नका.

मार्चमध्ये मला कायम करण्याचा कागद निघेल असं साहेब म्हणाले. पाच वर्षं झाली, आता तरी निघू दे. मामींना डोळ्यांच्या औषधाला पलीकडे जावं लागतं का? अलीकडच्या दुकानात मिळालं तर बघा.

तुमची चिमणी


२० जानेवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

कायम होणार हे वाचून मामीने साखर वाटली, पहिला चमचा मला, कारण पत्र मी वाचून दाखवलं. डोळ्यांचं औषध अलीकडे मिळत नाही. ती पुलावरूनच जाते, तुझ्या भरवशावर.

रकाना बदलायचं म्हणतेस. तुझा विनय कळला, पण नाही बदलला. आता ते 'ऐकलेलं'मध्ये ढकललं तर लोक म्हणतील, मामाचा भाचीवर विश्वास उडाला. उगाच शिंकेल कोण आणि सर्दी कुणाला.

तुझ्या उत्तराने चुनाकाकाचं समाधान झालं नाही. "तुझी भाची वरून बोलते, चल, मी तुला खालून दाखवतो," म्हणाला. मंगळवारपासून कालव्याचं पाणी कमी सोडलंय. चपला हातात घेऊन आम्ही दोघं म्हातारे पुलाखाली गेलो. मी म्हटलं, "घसरलो तर उचलायला दोघांत मिळून एक धड खांदा नाही." तो म्हणाला, "तू बोलू नकोस, तुझा तोल बोलण्याने जातो."

चिमणे, पुलाच्या पोटात एक भेग आहे. ह्या काठापासून निघते आणि मधल्या खांबाच्या डोक्यावरून पलीकडे जाते. माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत आत गेली. आतल्या सळईचा गंज ओघळून खांबावर तपकिरी रेघा उठल्यात. मी विचारलं, "हे वाईट का?" तो म्हणाला, "भेग असणं वाईट नाही, माझ्या घरालाही आहे. भेग झोपलीय की जागी, ते बघायचं." मग त्याने भेगेवर तीन ठिकाणी प्लास्टरच्या आडव्या पट्ट्या ओढल्या, बोटभर रुंद, आणि खिळ्याने तारीख कोरली. पट्टी शाबूत राहिली तर भेग झोपलेली. तडकली तर जागी.

आता रोज जाऊन बघतो आणि 'पाहिलेलं'मध्ये लिहितो: तिन्ही पट्ट्या शाबूत. त्याच्या वरच तुझं निवेदन आहे. गिरणीवाला विचारतो, "मामा, भाची सुरक्षित म्हणते आणि तुम्ही मलमपट्ट्या मोजता, आम्ही धरायचं काय?" मी म्हटलं, कठडा धरा.

हसण्यावारी नेलं खरं. दुरुस्तीसाठी दिलेली सुट्टी संपून पाच तारखेला, सोमवारी, शाळा उघडते. तीनशे पोरं एका वेळी पुलावर असतात, आणि पोरं काही चालत नाहीत, धावतात. तज्ज्ञांनी भेग पाहिली असणारच. तिच्याबद्दल काय लिहिलंय, तेवढं बघून कळव.

मामा


२५ जानेवारी

ती. मामा,

घाईत लिहितेय. काल साहेबांनी बोलावलं. तुमच्या फळ्याचा फोटो कुणीतरी 'एक हितचिंतक' म्हणून खात्याला पाठवलाय. निवेदन आणि त्याखाली पट्ट्यांची बातमी, दोन्ही एका फोटोत. साहेब म्हणाले, "ह्याला खात्याची चेष्टा म्हणतात. कोण आहे हा म्हातारा?" तुम्ही माझे मामा, हे मी सांगितलं नाही. फळा काढण्याची नोटीस लिहायला त्यांनी मलाच सांगितलं. मी लिहिली. सही त्यांची आहे, शब्द माझे आहेत. ती येईल तेव्हा दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आधीच सांगतेय.

मामा, थोडे दिवस फळा उतरवा. पट्ट्याही काढायला सांगा. इथे बसून कळतं, बातमी खरी की खोटी हे कुणी विचारत नाही, ती कुणाच्या परवानगीने आली ते विचारतात. मार्चपर्यंत धीर धरा, मग मी बघते काय करता येतं ते.

आईला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

चिमणी


३० जानेवारी

चि. चिमणीस,

नोटीस आली. शिपायाने फळ्यावरच चिकटवली, बरोबर 'अंदाज'च्या रकान्यावर, ते मात्र बेतशीर बसलं. 'विनापरवाना फलकाद्वारे अफवा पसरवून नागरिकांची निश्चिंतता भंग केल्याबद्दल.' मामीने वाचलं आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला नीट ऐकू येतं.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही, हे आधी लिहितो. पाच वर्षं तू हंगामी म्हणून काढलीस, दर मार्चला तुझा जीव टांगणीला असतो, हे मला कळतं. पण आता माझंही ऐक.

शनिवारी मधली पट्टी तडकली. केसाएवढी, पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुनाकाकाने नख फिरवून पाहिलं, मग माझं नख फिरवलं. म्हणाला, "जागी आहे."

आणि मी ते फळ्यावर लिहिलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, काल नाही. नोटीस तर आज आली, म्हणजे नोटिशीला भ्यालो असंही म्हणता येत नाही. खडू हातात घ्यायचो आणि तुझं शेवटचं पत्र आठवायचं. वीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेलं मी लिहिलं नाही. लोक येतात, फळ्यावर जुनंच 'शाबूत' वाचतात आणि पुलावर चढतात. काल मामी औषध घेऊन परत येताना मी काठावर उभा राहून तिची पावलं मोजत होतो. अलीकडे पोचली तेव्हा म्हणाली, "असे काय बघताय, नवी नवरी आहे का मी?" मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

आता विचारतो ते नीट वाच. पुलाखाली उतरून कुणी पाहिलं होतं का? नोंद नको, खातं नको. माणूस. हो किंवा नाही, एवढंच लिही. पोस्टाची वाट बघू नकोस, दुपारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दे. तो इथेच शेवटच्या थांब्यावर राहतो, माझा ओळखीचा आहे.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

नाही.

कुणी उतरलं नाही. कुणी आलंच नाही. इंजिनियर महिनाभर रजेवर होते. पूल बंद म्हणून रोज फोन यायचे, पेपरवाले विचारायचे, वळसा पडतो म्हणून तुमच्याच वस्तीतल्या लोकांनी सह्यांचा अर्ज दिला होता. साहेब म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचं निवेदन फायलीत आहे, तेच काढ आणि तारीख बदल, पाहणी आपण मागाहून उरकू. मी तारीख बदलली. 'निश्चिंत' तेवढं माझं मी घातलं, वाक्य कोरडं वाटत होतं म्हणून. पेपरांनी जसंच्या तसं छापलं. एकानेही विचारलं नाही, पाहणी कुणी केली. मला वाटलं, कुणीतरी विचारेलच, मग हे थांबेल. सगळ्यांना पूल उघडाच हवा होता, मामा. असं निवेदन लिहिताना खोटं बोलतोय असं वाटतच नाही, लोकांची सोय करतोय असं वाटतं.

तुम्ही ते 'पाहिलेलं'मध्ये लिहिल्याचं पत्र आलं, त्या दिवसापासून झोप नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मामींनी फोनवर सांगितलं, तुम्ही नीट जेवत नाही. जेवा. पट्टी तडकल्याचं लिहा, पुलावर दोर बांधा, जे करायचं ते करा. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका. एवढंच मागते. ह्यांचं काम सध्या बंद आहे, हे तुम्हाला कळवलं नव्हतं.

चिमणी


४ फेब्रुवारी, सकाळ

चि. चिमणीस मामाचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्तच.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. जावईबापूंचं काम बंद आहे हे वाचून मामी म्हणाली, पोरीने किती ओझी एकटीने उचलली. खरं सांगायला तुला चोवीस दिवस लागले. मला फळ्यावर लिहायला आठवडा लागला, तेही डोळ्यांदेखतचं. तेव्हा तुला बोलायचं तोंड मला नाही.

नोटीस सोलून काढली आणि फळ्यावर लिहिलं: 'पुलाची पाहणी झाल्याचे मी "पाहिलेलं" ह्या रकान्यात लिहिले होते. मी ते पाहिले नव्हते. चूक माझी. मधली पट्टी तडकली आहे, हे मी पाहिले आहे. पुलावरून जाऊ नये.' खाली सही. तुझं नाव नाही. मग चुनाकाका आणि मी दोन्ही तोंडांना दोर बांधले.

संध्याकाळी दोर सुटलेला होता. कुणी कापला नाही, व्यवस्थित गाठ सोडून कठड्याला गुंडाळून ठेवला होता, म्हणजे चांगल्या घरचंच माणूस असणार. दूधवाला म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणालात पाहिलं, आता तुम्हीच म्हणता नाही पाहिलं. वय झालं तुमचं. पेपरात तर सुरक्षितच आहे." गिरणीवाल्याने खिशातला फोन काढून माझ्याच फळ्याचा जुना फोटो मला दाखवला. शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला खात्याचा कागद लागतो, मामा. तुमच्या शब्दावर मी तीनशे मुलांना पाऊण तासाच्या वळशाने पाठवलं आणि पूल धड निघाला, तर पालक मला शाळेत उभं करणार नाहीत."

वीस वर्षांत माझ्या फळ्याला जे वजन आलं होतं, ते मी एका सकाळी तुमच्या निवेदनाच्या पारड्यात टाकलं. आता माझ्या बाजूला ठेवायला काही उरलं नाही. त्या बिनपानांच्या पुस्तकात हे लिहिलेलं असेल तर ते गहाळ फर्म्यातच असणार.

चुनाकाका पहाटे जाऊन आला. दुसरी पट्टीही गेली.

उद्या साडेसातला शाळा भरते. सातपासून आम्ही तिघं पुलाच्या तोंडाशी बसणार आहोत. मामी घरातली लांब सतरंजी आणणार आहे, म्हणते आडवी पसरली की ओलांडून जायला लोकांना संकोच होईल. मोठ्यांना होईल. पोरांना कुठला होतोय.

मी तुला काही कर म्हणत नाही. तुझ्या घरात चार तोंडं आहेत आणि मार्च तोंडावर आला आहे. तू नाही म्हटलंस तरी तू माझी चिमणीच. पण बाईंना हवा असलेला कागद साऱ्या जगात एकटी तूच लिहू शकतेस, हे न सांगता पत्र बंद केलं असतं तर तीही एक लपवाछपवीच झाली असती. ड्रायव्हर आज रविवारचा सकाळी निघतोय आणि रात्री परततो. हो असो, नाही असो, त्याच्या हाती दोन ओळी दे.

मामा


४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. मामा आणि मामींस नमस्कार.

ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय. सोबतचा कागद आजच्या आज शाळेच्या बाईंच्या हातात द्या, त्या झोपल्या असल्या तर उठवा. त्यात लिहिलंय की पुलाची पाहणी झालेली नाही, आधीचं निवेदन मी पाहणी न होताच लिहिलं होतं आणि पूल बंद ठेवावा. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही आहे. नाव झाकू नका. नाव नसेल तर कागदाला काय अर्थ?

कागदाचं शीर्ष खात्याचं आहे, पण शिक्का नाही. शिक्का साहेबांच्या कपाटात आणि आज रविवार. बाई बिनशिक्क्याचा कागद मानतील ना? हाच मजकूर पेपरांनाही पाठवलाय. एकाने लगेच फोन करून विचारलं, तुमच्या साहेबांना हे ठाऊक आहे का? पाहणीबद्दल त्यानेही विचारलं नाही. तो छापेल की आधी साहेबांना कळवेल, सांगता येत नाही. उद्या साडेदहाला कचेरीत जाईन तेव्हा माझी खुर्ची असेल की नाही, तेही ठाऊक नाही.

आईला सगळं सांगितलं. ती गुडघा चोळत म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर कचेरीत. जिना आहे का?" मी म्हटलं, तीन मजले. म्हणाली, "मग लवकर निघू."

मामींना पुलावर पाय ठेवू देऊ नका, सतरंजी पसरायलाही नाही. उद्या सकाळी पोरं कुठल्या वाटेने गेली ते दुपारच्या गाडीने लिहून पाठवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल, पण तेवढं लगेच लिहा.

तुमची चिमणी